आमदार निवडून आले, सभागृहाने घरी पाठवले: हेन्री मॅक्नील टर्नर यांच्या १८६८ च्या हकालपट्टीची आज आठवण का निघते?

६ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने (आपल्याकडच्या विधानसभेसारखं सभागृह) जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन या दोन तरुण आमदारांना मतदान घेऊन सभागृहाबाहेर काढलं. आदल्याच आठवड्यात, २७ मार्चला, नॅशव्हिलमधल्या कॉव्हेनंट शाळेत गोळीबार झाला होता. तीन लहान मुलं आणि तीन मोठी माणसं त्यात मारली गेली. बंदुकांवर निर्बंध आणा, या मागणीसाठी लोक विधिमंडळाबाहेर जमले. ३० मार्चला हे दोघे आणि त्यांच्या सहकारी ग्लोरिया जॉन्सन कामकाज सुरू असताना थेट सभागृहाच्या पुढच्या भागात गेले आणि भोंगा हातात घेऊन तिथे घोषणा झाल्या.

तिघांवर एकाच घटनेसाठी कारवाई झाली. निकाल मात्र एक नव्हता. जोन्स यांच्या विरोधात ७२ मतं पडली, पिअर्सन यांच्या विरोधात ६९. हकालपट्टीसाठी ६६ लागतात. जॉन्सन यांच्या विरोधात ६५ पडली आणि एका मताने त्या वाचल्या. बाहेर गेलेले दोघे कृष्णवर्णीय, वाचलेल्या जॉन्सन गोऱ्या. जॉन्सन यांनी प्रत्यक्ष घोषणा दिल्या नव्हत्या, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला होता. पण तुम्ही का वाचलात, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा कातडीच्या रंगाचा याच्याशी संबंध असावा, अशा अर्थाचं उत्तर खुद्द जॉन्सन यांनी दिलं.

त्या आठवड्यात अमेरिकेत अनेकांनी शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या १८६८ सालच्या एका घटनेची आठवण काढली. तिच्या केंद्रस्थानी होते हेन्री मॅक्नील टर्नर. पेशाने धर्मोपदेशक, यादवी युद्धातले लष्करी पाद्री आणि जेमतेम दोन महिने आमदार. ही तुलना कितपत योग्य आहे, हे पाहायचं तर १८६८ मध्ये नेमकं काय घडलं ते आधी समजून घ्यावं लागेल.

कोण होते टर्नर?

टर्नर यांचा जन्म १८३४ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या न्यूबेरीजवळ झाला. ते गुलाम म्हणून जन्माला आले नव्हते. पण त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस कागदोपत्री स्वतंत्र असला तरी त्याच्या स्वातंत्र्याला फार अर्थ नव्हता. लहानपणी त्यांनी कापसाच्या शेतात काम केलं. कृष्णवर्णीयांना शिकवण्याला राज्याच्या कायद्याने मनाई होती. पुढे ॲबेव्हिल गावातल्या वकिलांच्या कार्यालयात झाडलोट करण्याचं काम मिळालं आणि तिथे त्यांच्या शिक्षणाची वाट खुली झाली.

१८५३ मध्ये त्यांना उपदेशकाचा परवाना मिळाला. १८५८ मध्ये ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये दाखल झाले. कृष्णवर्णीयांनी स्वतः उभं केलेलं आणि स्वतः चालवलेलं हे चर्च. यादवी युद्ध सुरू असताना ते राजधानी वॉशिंग्टनमधल्या इझ्राएल चर्चमध्ये होते. १८६३ मध्ये सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी उभ्या राहू लागल्या, तेव्हा पहिल्या पलटणीचे पाद्री म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि टर्नर जॉर्जियात आले. गावोगाव फिरून त्यांनी चर्चच्या शाखा उभ्या केल्या. १८६७ पासून त्याच फिरतीत रिपब्लिकन पक्षाचं कामही सुरू झालं. अब्राहम लिंकन यांचा पक्ष तो हाच. त्या काळात कृष्णवर्णीयांचा पक्ष रिपब्लिकन आणि जुन्या गुलाम-मालकांचा पक्ष डेमोक्रॅटिक होता. आजचं चित्र डोक्यात ठेवून १८६८ बद्दल वाचायला घेतलं की हमखास गोंधळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

जो हक्क लिहायचा राहिला

मार्च १८६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पुनर्रचनेचे कायदे केले. हरलेल्या दक्षिणी राज्यांना संघराज्यात परत यायचं असेल तर नवी राज्यघटना लिहावी लागणार होती. त्या घटनेसाठी होणाऱ्या मतदानात कृष्णवर्णीय पुरुषांनाही सामील करून घेणं बंधनकारक होतं. जॉर्जियाची घटना परिषद डिसेंबर १८६७ मध्ये अटलांटात भरली. सुमारे एक पंचमांश प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते आणि टर्नर त्यांतले एक.

या परिषदेतले टर्नर समेट करू पाहणारे होते. बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना माफी मिळावी, या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला. जुन्या मालकवर्गाला फार दुखवू नये, दोन्ही बाजूंनी मिळून नवं राज्य उभारावं, असं त्यांना वाटत होतं.

याच परिषदेत एक छोटी गोष्ट घडली. घटनेच्या मसुद्यात मतदानाचा हक्क होता आणि त्याच्या जोडीला सार्वजनिक पद धारण करण्याचा हक्कही स्पष्ट शब्दांत होता. हे दुसरं कलम काढून टाकण्यात आलं. मत देता येतं म्हणजे निवडणूक लढवताही येते, वेगळं कशाला लिहायचं, असा साधारण समज होता. गोऱ्या मतदारांना घटना रुचावी, हाही हिशोब होता. टर्नर यांच्यासह कृष्णवर्णीय प्रतिनिधी त्या कलमासाठी अडून बसले नाहीत.

मग प्रचार सुरू झाला. जोसेफ ब्राउन हे जॉर्जियाचे युद्धकाळातले गव्हर्नर, आता रिपब्लिकन पक्षात आलेले. गोऱ्या मतदारांना घाबरू नका असं सांगताना ते म्हणत होते की या घटनेने कृष्णवर्णीयांना पदावर बसण्याचा हक्क दिलेलाच नाही. परिषदेत जे ‘गृहीत’ धरलं होतं, त्याचा जाहीर सभांतून सांगितला जाणारा अर्थ बरोबर उलटा होता.

एप्रिल १८६८ मध्ये मतदान झालं. घटना मंजूर झाली आणि रिपब्लिकन रूफस बुलक गव्हर्नर झाले. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या मिळून २१९ जागांपैकी ३३ जागांवर कृष्णवर्णीय निवडून आले. टर्नर मेकन शहर असलेल्या बिब काउंटीतून आले. १८७० च्या जनगणनेप्रमाणे राज्याची जवळपास ४६ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. त्या मानाने ३३ हा आकडा लहानच. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत जिथे माणसांची खरेदी-विक्री होत होती, तिथे तो अनेकांना सहन होण्यासारखा नव्हता.

जुलैमध्ये एक न्याय, सप्टेंबरमध्ये दुसरा

विधिमंडळ जुलैमध्ये भरलं आणि पहिला वाद पात्रतेचाच निघाला. प्रश्न मात्र गोऱ्या सदस्यांच्या पात्रतेचा होता. अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतलं तिसरं कलम सांगतं की ज्याने आधी राज्यघटनेची शपथ घेऊन पद भूषवलं आणि नंतर बंडात भाग घेतला, त्याला पुन्हा पद मिळणार नाही. जॉर्जियाच्या सभागृहात असे लोक बसले आहेत, अशी तक्रार झाली. लष्करी अधिकारी जनरल मीड यांनी हा प्रश्न सभागृहाकडेच सोपवला. सभागृहाने चौकशी केली आणि निकाल दिला की आमचे सगळे सदस्य पात्र आहेत. विषय तिथे संपला.

(हेच तिसरं कलम अलीकडे पुन्हा गाजलं. कोलोरॅडो राज्याने त्याच्या आधारे डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवरून काढायचं ठरवलं होतं. ४ मार्च २०२४ ला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि राष्ट्रीय पदांसाठी हे कलम लागू करण्याचं काम राज्यांचं नव्हे, काँग्रेसचं आहे असं सांगितलं.)

२१ जुलैला जॉर्जियाने चौदावी दुरुस्ती मंजूर केली. अट पूर्ण झाली, लष्करी अंमल उठला. लष्कराची नजर हटल्यावर सहा आठवड्यांच्या आत कृष्णवर्णीय सदस्यांच्या पात्रतेचा ठराव कनिष्ठ सभागृहापुढे आला. बंडात सामील झालेल्यांना पात्र ठरवणारं सभागृह ते हेच.

युक्तिवाद वरवर कायद्याचा होता. घटनेने यांना मत दिलं, पद दिलेलं नाही. जे स्पष्ट दिलेलं नाही ते यांच्याकडे नाही. काढून टाकलेल्या त्या एका कलमाची किंमत आता कळत होती.

३ सप्टेंबर १८६८ रोजी टर्नर बोलायला उभे राहिले. हे भाषण अमेरिकेच्या इतिहासातल्या गाजलेल्या भाषणांत मोजलं जातं. त्यात विनवणी नाही. मी या सभागृहाचा सदस्य आहे, माझ्या हक्कासाठी कोणापुढे वाकणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. त्यानंतरचा मुद्दा कायदेशीरदृष्ट्या बिनतोड होता. ज्या पुनर्रचना कायद्यांमुळे आणि ज्या घटनेमुळे हे सभागृह अस्तित्वात आलं, त्यांतूनच आम्ही आलो आहोत. ती घटना लिहिणाऱ्यांत आम्ही होतो, तुमच्यापैकी अनेकांना निवडून देणाऱ्यांत आम्ही होतो. आमची निवड बेकायदा असेल तर तुमची कायदेशीर कशी? शेवटी त्यांनी प्रश्न अगदी मुळाशी नेला: मी माणूस आहे की नाही? असेन, तर माणसाचे हक्क मागतो आहे.

मतदान झालं आणि कनिष्ठ सभागृहातून २५ सदस्य बाहेर गेले. वरिष्ठ सभागृहातही त्याच महिन्यात तेच झालं. टर्नर आणि सहकारी सभागृहातून निघून गेले.

चार जण मात्र आत राहिले. ते उजळ वर्णाचे होते. राज्याच्या कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या रक्ताच्या प्रमाणावर होती आणि एक अष्टमांश आफ्रिकी रक्त ही त्यातली मर्यादा होती. या चौघांच्या बाबतीत ती ओलांडल्याचं सिद्ध करता आलं नाही. त्यासाठी चौकशी समितीही बसली होती. कोणत्या आमदाराच्या अंगात किती रक्त कोणाचं, याची सभागृहाच्या समितीने मोजदाद करावी! घटनेच्या शब्दांवर उभा केलेला सगळा युक्तिवाद प्रत्यक्षात कशाबद्दल होता, हे या एका तपशिलातून दिसतं.

रिकामी जागा कोणाला मिळाली?

१८६८ ची गोष्ट सांगताना भर सहसा टर्नर यांच्या भाषणावर असतो. त्यानंतर जे झालं त्याकडे कमी लक्ष जातं. माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे.

हकालपट्टीनंतर पोटनिवडणुका झाल्या नाहीत. बाहेर काढलेल्या सदस्यांच्या जागी त्याच मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या, म्हणजे पराभूत झालेल्या गोऱ्या उमेदवारांना बसवण्यात आलं. मतदारांनी ज्यांना नाकारलं होतं त्यांना सभागृहाने आमदार केलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. कोणत्याही विधिमंडळाला सदस्याबाबत दोन प्रकारचे अधिकार असतात. एक, गैरवर्तन केलं म्हणून शिक्षा देण्याचा. अमेरिकेत त्यातली सर्वांत मोठी शिक्षा हकालपट्टी, आणि तिला बहुधा दोन तृतीयांश मतं लागतात. दुसरा अधिकार, सदस्य मुळात पात्र आहे की नाही हे ठरवण्याचा. त्याला साधं बहुमत पुरतं. आणि सदस्य मुळातच अपात्र होता असं ठरवलं, की त्याला पडलेली मतं वाया गेली असं म्हणता येतं, मग पुढच्या उमेदवाराला जागा देता येते. जॉर्जियाने हा दुसरा रस्ता धरला. टर्नर यांनी गैरवर्तन केलं असं कोणी म्हणतच नव्हतं.

अशा व्यवस्थेत बहुमताला दुहेरी फायदा होतो. विरोधक बाहेर जातो आणि आपला माणूस आत येतो. पुन्हा लोकांसमोर जायची भीती नाही, त्यामुळे हात आखडता घेण्याचं कारणही उरत नाही.

परत कोणी आणलं, आणि किती काळ?

हकालपट्टीनंतर दोन आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, जॉर्जियाच्या नैऋत्येकडच्या कॅमिला गावात एक राजकीय मिरवणूक निघाली होती. पुढाऱ्यांत बडतर्फ आमदार फिलिप जॉइनर होते. ऑल्बनीहून चालत आलेल्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांच्या या मिरवणुकीवर गावातल्या सशस्त्र गोऱ्यांनी गोळ्या झाडल्या. किमान नऊ जण मारले गेले, कितीतरी जखमी झाले. नोव्हेंबरमधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्जिया डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलं. पुढच्या वर्षी ग्रीन काउंटीचे बडतर्फ आमदार एब्रॅम कोल्बी यांना क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी रात्री घरातून ओढून नेऊन बेदम मारलं. काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी नंतर दिलेली साक्ष आजही वाचवत नाही.

दरम्यान जून १८६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. सव्हाना शहर असलेल्या चॅटम काउंटीच्या न्यायालयात रिचर्ड व्हाइट हे कारकून म्हणून निवडून आले होते. अमेरिकेत हे निवडणुकीतून भरलं जाणारं आणि बऱ्यापैकी महत्त्वाचं पद आहे. ते कृष्णवर्णीय असल्याने अपात्र आहेत, असा पराभूत उमेदवाराचा दावा होता. न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की जॉर्जियात कृष्णवर्णीयांना पद धारण करण्याचा हक्क आहे. बहुमतातल्या दोघांपैकी एक होते मुख्य न्यायमूर्ती जोसेफ ब्राउन. होय, तेच ब्राउन, जे वर्षभरापूर्वी सभांमधून नेमकं उलटं सांगत होते.

विधिमंडळाने तरीही कोणाला परत बोलावलं नाही. न्यायालयाचा निकाल कारकुनाच्या पदाबद्दल होता. सभागृहाच्या सदस्यत्वाचा निवाडा सभागृहच करणार, या भिंतीला तो धडकला.

शेवटी दडपण बाहेरून आलं. टर्नर आणि गव्हर्नर बुलक यांनी वॉशिंग्टनमध्ये दाद मागितली होती. जॉर्जियाने पंधरावी दुरुस्ती (वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला बंदी) फेटाळल्यावर काँग्रेसचाही संयम सुटला. डिसेंबर १८६९ च्या कायद्याने राज्य पुन्हा लष्करी देखरेखीखाली गेलं. जानेवारी १८७० मध्ये जनरल आल्फ्रेड टेरी यांनी बंडातल्या भूमिकेमुळे अपात्र ठरणाऱ्या काही सदस्यांना बाहेर काढलं आणि बडतर्फ कृष्णवर्णीय आमदारांना परत आणलं. फेब्रुवारीत जॉर्जियाने पंधरावी दुरुस्ती मंजूर केली. जुलैमध्ये राज्य संघराज्यात पुन्हा दाखल झालं, बंडखोर राज्यांपैकी सगळ्यात शेवटी.

टर्नर आपल्या खुर्चीवर परत बसले, पण वर्षही पुरं झालं नाही. डिसेंबर १८७० ची निवडणूक धाकदपटशा आणि गैरप्रकारांच्या आरोपांत पार पडली. डेमोक्रॅट्सनी विधिमंडळ जिंकलं, टर्नर मेकनमध्ये हरले. मधल्या काळात त्यांना मेकनचं पोस्टमास्तरपद मिळालं होतं, पण बदनामीच्या मोहिमेमुळे तेही काही आठवड्यांतच सोडावं लागलं होतं. १८७१ मध्ये बुलक राज्य सोडून गेले आणि लवकरच गव्हर्नरपदही डेमोक्रॅट्सकडे गेलं.

त्यानंतर दीड वर्षाने, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असतं. त्या अर्पणाच्या वेळी जॉर्जियात पुनर्रचनेचा खेळ आटोपलेला होता, हे फारसं कोणी जोडून पाहत नाही.

पुढचा उतार संथ पण सलग होता. १८७७ च्या नव्या राज्यघटनेने थकलेला मतदान-कर साठत जाण्याची सोय केली. गरीब माणसाने एकदा कर चुकवला की थकबाकी वाढत जायची आणि मत कायमचं दूर जायचं. १९०७ मध्ये डब्ल्यू. एच. रॉजर्स यांनी जागा सोडली आणि जॉर्जियाच्या विधिमंडळात एकही कृष्णवर्णीय उरला नाही. पुढचे आमदार, लीरॉय जॉन्सन, तिथे पोहोचले १९६३ मध्ये.

टर्नर यांनी राजकारण सोडलं, बोलणं सोडलं नाही. १८८० मध्ये ते आपल्या चर्चचे बिशप झाले. १८८५ मध्ये त्यांनी एका स्त्रीला धर्मोपदेशक म्हणून दीक्षा दिली, तेव्हा त्यांच्याच चर्चमध्ये वादळ उठलं. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढल्यावर त्यांचा अमेरिकेवरचा उरलासुरला विश्वास गेला. कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत जाऊन स्वतःचं राष्ट्र उभारावं, हा त्यांचा आग्रह होत गेला. १८९० च्या दशकात ते स्वतः चार वेळा आफ्रिकेला जाऊन आले. या आग्रहाबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि त्यातली बरीचशी रास्त होती. लाखो गरीब माणसांनी समुद्र ओलांडून जायचं कसं, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. पण जेफरसन डेव्हिस यांच्या माफीला पाठिंबा देणारा माणूस इथवर का आला, याचं उत्तर १८६८ च्या सप्टेंबरात सापडतं. १९१५ मध्ये त्यांचं निधन झालं, तेही अमेरिकेत नव्हे, कॅनडातल्या विंडसरमध्ये.

तेच सभागृह, ९८ वर्षांनी

जानेवारी १९६६. जॉर्जियाचंच कनिष्ठ सभागृह. अटलांटातून निवडून आलेले २५ वर्षांचे कृष्णवर्णीय आमदार ज्युलियन बॉन्ड शपथ घ्यायला आले होते. त्यांच्या संघटनेने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन काढलं होतं आणि बॉन्ड यांनी त्याला दुजोरा दिला होता. अशी मतं असणारा माणूस प्रामाणिकपणे शपथ घेऊच शकत नाही, असं म्हणत सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना प्रवेश नाकारला.

रस्ता पुन्हा पात्रतेचाच. यावेळी मात्र दोन गोष्टी बदललेल्या होत्या. जागा पराभूत उमेदवाराला न देता पोटनिवडणूक घ्यावी लागली आणि तिथे बॉन्डच पुन्हा निवडून आले. सभागृहाने पुन्हा नाकारलं. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की बॉन्ड यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झाला आहे. पात्रता तपासण्याच्या नावाखाली सदस्याच्या मतांना शिक्षा देता येणार नाही. जानेवारी १९६७ मध्ये ते सभागृहात बसले. १८६९ मध्ये जी भिंत न्यायालयाला अडवून गेली होती, तिला आता दार पडलं होतं.

मग टेनेसीची तुलना बरोबर आहे का?

अर्धी. जोन्स आणि पिअर्सन यांनी सभागृहाचे नियम मोडले होते, हे त्यांनाही नाकारता येणार नाही. टर्नर यांनी कोणताच नियम मोडला नव्हता. जोन्स आणि पिअर्सन यांच्या विरोधात दोन तृतीयांश मतं जमवावी लागली. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाढव्य होती का आणि ती देताना रंग आड आला का, हे प्रश्न मात्र उरतात. त्यांचं उत्तर एका मताने वाचलेल्या जॉन्सन यांच्या निकालाकडे पाहून प्रत्येकाने द्यावं.

पण रिकाम्या खुर्चीचं काय झालं ते पाहिलं की १८६८ आणि २०२३ मधलं अंतर कळतं. टेनेसीच्या नियमानुसार जागा रिकामी झाली की पोटनिवडणुकीपर्यंत तिथला प्रतिनिधी स्थानिक संस्था नेमते. नॅशव्हिलच्या महानगर परिषदेने चार दिवसांत, १० एप्रिलला, जोन्स यांनाच परत पाठवलं. १२ एप्रिलला शेल्बी काउंटीच्या आयुक्त मंडळाने पिअर्सन यांना पाठवलं. ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत दोघेही जिंकले. टेनेसीच्या घटनेत असंही आहे की एकाच अपराधासाठी सदस्याला दुसऱ्यांदा काढता येत नाही. बहुमताने दार बंद केलं, पण किल्ली मतदारसंघाकडे होती.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेतल्या गोंधळानंतर भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आलं. इथे ना वंशाचा मुद्दा होता ना पात्रतेचा, त्यामुळे जॉर्जियाशी थेट तुलना होत नाही. पण २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द करताना जे म्हटलं ते या चर्चेच्या गाभ्याचं आहे. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदा आहे आणि वर्षभराचं निलंबन हकालपट्टीपेक्षाही वाईट आहे, असं न्यायालयाने ठरवलं. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते, सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते आणि लोक आपला निर्णय देतात. निलंबनात आमदार कागदावर असतो, सभागृहात नसतो आणि मतदारसंघाला वर्षभर कोणीच वाली नसतो. शिक्षा आमदाराला दिली असं वाटतं, भोगतो मतदारसंघ.

यावर सभागृहांच्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते सहज झटकण्यासारखं नाही. प्रत्येक गोंधळ न्यायालयात जाऊ लागला तर अध्यक्षांच्या शिस्तीला अर्थ उरणार नाही. लाच खाऊन प्रश्न विचारणाऱ्या खासदारांना संसदेने २००५ मध्ये काढलं, तेव्हा तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मान्यच केला होता. सभागृहाला दात हवेतच. वाद आहे तो चावा घेतल्यानंतर जागा किती दिवसांत आणि कोणाच्या मताने भरायची, याचा.

अटलांटातल्या जॉर्जिया विधिमंडळाच्या आवारात आज एक ब्राँझचं शिल्प आहे. जॉन रिडल या शिल्पकाराचं हे काम १९७८ मध्ये तिथे बसवलं गेलं. त्यासाठी पुढाकार घेतला होता कृष्णवर्णीय आमदारांच्या गटाने, म्हणजे टर्नर यांच्या जागांवर नव्वदहून जास्त वर्षांनी परत आलेल्या लोकांनी. शिल्पाचं नाव साधं आहे: ‘रंगामुळे बडतर्फ’.